औशाहून रत्नागिरीला : भाड्याचं घर समुद्राच्या किती जवळ घ्यावं?

प्रश्न थोडक्यात असा. औशाचे एक तिशीतले गृहस्थ आहेत. रत्नागिरीला मिरजोळ्याच्या एमआयडीसीत नोकरी लागली, १ जूनला रुजू व्हायचंय. सोबत बायको, तीन वर्षांची मुलगी आणि गुडघ्यांनी बेजार झालेली आई. फोटोंवरून तीन घरं काढलीत. एक मिऱ्याला, समुद्रासमोर, तळमजल्यावर. दुसरं भाट्याला, नारळाच्या वाडीतलं कौलारू. तिसरा नाचणे रस्त्याला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, ज्याच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे दिसतात. भाडं तिन्हींचं उन्नीस-बीस. ते म्हणतात, "जन्मभर पाण्याला तरसलो, आता समुद्राजवळच राहायचं मनात आहे. कोणतं घेऊ?"

दादा, मन कळतं तुमचं. मीही लातूर जिल्ह्यातलीच. रत्नागिरीजवळच्या एका कंपनीत प्रशासन विभागात एकोणीस वर्षं काढली आणि नव्यानं रुजू होणाऱ्यांना घर बघून देणं हे माझ्याच टेबलाचं काम होतं. दोनशेच्या आसपास कुटुंबांची बिऱ्हाडं लावून दिली असतील. त्यात लातूर, नांदेड, परभणी, बीडकडचे पुष्कळ. आपल्याकडचा माणूस पहिल्या दिवशी हमखास म्हणायचा, मॅडम, समुद्र दिसला पाहिजे. त्यातले बरेच जण ऑगस्टात परत टेबलासमोर उभे असायचे : मॅडम, दुसरं बघा.

म्हणून उत्तर आधी सांगते. पहिलं वर्ष नाचणे रस्त्याच्या भागात राहा. तोच फ्लॅट घ्या असं मात्र म्हणत नाही, त्याचं पुढं बोलू. मिऱ्याचं सोडून द्या. भाट्याचं एक पावसाळा काढल्यावर पुन्हा बघा.

आता कारणं. आपल्याकडं घर बघताना आपण एप्रिल-मे डोळ्यांसमोर ठेवतो. ऊन किती येतं, बोअरला पाणी किती, माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, असेल तर गारवा कसा. तिकडं घर बघायचं ते जुलै डोळ्यांसमोर ठेवून. लातूरला वर्षाकाठी सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीला ३,०००च्या वर, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. शिवाय तो सरळ पडत नाही. नैऋत्येकडून, समुद्रावरून आडवा येतो आणि भिंतीत घुसतो. छत कितीही पक्कं असू द्या, पश्चिमेची भिंत उघडी असली की घर आतून ओलं होतं.

माझं पहिलं घर मीच चुकीचं घेतलं होतं. डिसेंबरातली सुरेख हवा, मांडवीच्या बाजूला पश्चिमेला भली मोठी खिडकी, संध्याकाळी सूर्य सरळ पाण्यात बुडतोय. त्याच दिवशी टोकन दिलं. जुलैत त्या खिडकीखालची भिंत हात लावला की ओली लागायची. आईनं पाठवलेल्या ज्वारीच्या दोन पोत्यांना बुरशी आली, कपाटाच्या पाठच्या फळीला आली, लग्नातल्या साडीच्या घडीवर पांढरे ठिपके आले. मुलाचे शाळेचे कपडे पंख्याखाली दोन दिवस वाळायचे. घर सोडताना मालकानं भिंतींच्या रंगाचे म्हणून डिपॉझिटमधले पैसे कापले. भिंत त्याची, ओल समुद्राची, भुर्दंड माझा. तेव्हापासून मी कुणालाही घर दाखवताना आधी पश्चिमेच्या भिंतीपाशी नेते.

तुम्ही मेमध्ये बघायला जाल आणि तीच अडचण आहे. मेमध्ये सगळं खडखडीत वाळलेलं असतं आणि मालकानं नुकताच रंगही काढलेला असतो. मग ओळखायचं कसं? पश्चिमेच्या नि दक्षिणेच्या खिडक्यांच्या वर बाहेरून बघा, ओळीनं खिळे किंवा हुक दिसतात का. दिसले तर समजा, दर पावसाळ्यात तिथं ताडपत्री नाहीतर प्लॅस्टिक बांधतात. म्हणजे झड तिथून आत येते. स्विचबोर्डाचे स्क्रू बघा, पंख्याची वरची वाटी बघा, खिडकीच्या गजांच्या खालच्या टोकाला बोट फिरवा. रंग नवा आणि आत पापुद्रे सुटलेले लागले की खारं वारं घरात मुक्कामाला आहे असं समजायचं. भिंतीतल्या कपाटाचं दार उघडून नुसता वास घ्या. वास कुणालाच रंगवता येत नाही. आणि शेजारीण भेटली तर एवढंच विचारा, "पावसाळ्यात कपडे कुठं वाळत घालता?" ती पाच मिनिटांत सगळं घर सांगेल.

खाऱ्या वाऱ्याचं एक बरं असतं, समुद्रापासून थोडं आत आणि थोडं वर गेलं की त्याचा जोर लवकर उतरतो. अगदी लाटांसमोर मोटरसायकलची चेन, फ्रिजची खालची पट्टी, गॅसची शेगडी, एसीच्या बाहेरच्या युनिटची जाळी सगळ्याला गंज धरतो. मधे दोन-तीन घरांच्या ओळी नि झाडं आली की फरक पडतो. वर सड्यावर गेलं की आणखी. आपण ज्याला माळ म्हणतो त्याला तिकडं सडा म्हणतात, जांभ्या खडकाचं सपाट पठार. रत्नागिरीचे असे दोन मजले समजा. खाली मांडवी, राजिवडा, मिरकरवाडा, बाजारपेठ. वर मारुती मंदिर, नाचणे रस्ता, साळवी स्टॉप, कुवारबाव. तुमची एमआयडीसी वरच्या अंगाला आहे आणि रेल्वे स्टेशनही त्याच बाजूला. म्हणजे रोजची ये-जा वरच्या वर होईल. पावसात मोटरसायकलवर जाणाऱ्याला ही लहान गोष्ट नाही.

आता मिऱ्या. जागा देखणी आहे, नाही कोण म्हणतं? पण तो किनारा धुपतो. समुद्रानं जमीन खाऊ नये म्हणून तिथं दगडांचा बंधारा घातलेला आहे आणि पावसाळ्यात तो ठिकठिकाणी खचतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा एक जहाज भरकटत येऊन मिऱ्याच्या किनाऱ्याला लागलं आणि पुढं कित्येक महिने तिथंच पडून होतं. तारीख बघा, ३ जून. तुम्ही १ जूनला सामान उतरवणार. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. दरवर्षी वादळ येतंच असं नाही, पण पावसाळ्याच्या तोंडावर, तळमजल्यावर, लेकरू नि गुडघेदुखीची आई घेऊन त्या ओळीत राहायला जाऊ नका, एवढंच.

तरीही बघायचंच असेल तर भरती बघून जा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मोठी भरती येते, तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास पाणी कमी चढतं, तो भांग. कोळ्यांचा जुना हिशोब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. पंचमी असेल तर पावणेचार, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. थोडं मागं-पुढं होतं, पण घर बघायला तेवढं पुरे. मेमधल्या अमावास्येला अकराच्या ठोक्याला त्या घरासमोर उभे राहा आणि समुद्राकडं नाही, गटाराकडं बघा. भरतीच्या वेळी सखल भागातल्या गटारांचं पाणी पुढं सरकत नाही, उलटं मागं येतं. त्याच वेळी वरून पाऊस कोसळला की गल्लीत गुडघाभर साचतं. कंपाऊंडच्या भिंतींवर पाण्याची रेघ शोधा. एजंट तुम्हाला नेमका ओहोटीला आणि सूर्यास्ताला नेईल. त्याचा तो धंदाच आहे.

मिरकरवाड्याच्या जवळपास कुणी घर दाखवलं तर आणखी एक. ते मासेमारीचं मोठं बंदर आहे. पहाटे बोटी, लिलाव, बर्फाच्या गाड्या, वाळत घातलेली मासळी. मी तिथलीच होऊन गेले, मला त्या वासाचं काही वाटत नाही. पण घरात माळकरी माणूस असेल तर आधीच विचार करा, नंतर शेजाऱ्यांना नावं ठेवू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत बघितलेलं घर तुम्हाला वासाबद्दल खोटंच सांगणार.

भाट्याचं घर माझ्याही मनात भरलं, खोटं कशाला बोलू. पण तीन गोष्टी आहेत. पहिली, भाट्ये खाडीच्या पलीकडं आहे. पूल ओलांडा, शहरातून चढा, मग एमआयडीसी. रोज दोनदा. दुसरी, वाडीतल्या विहिरीचं पाणी. समुद्राच्या इतक्या जवळ उन्हाळ्यात पाणी मचूळ होऊ शकतं, मचूळ म्हणजे किंचित खारट. त्या पाण्यात डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही. मेच्या शेवटी जाऊन तोंडात घेऊनच बघा. तिसरी गोष्ट कौलं. कौलारू घराची दरवर्षी पावसाआधी शाकारणी करावी लागते, म्हणजे कौलं उतरवून, फुटकी बदलून पुन्हा लावायची. ती कोण करणार, मालक की तुम्ही? आणि कधी? वानरांची टोळी कौलांवरून एकदा धावली की शाकारणी पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही दिवसभर कामावर, घरात बायको, आई नि लेकरू. पहिल्याच जुलैत छपराखाली पातेली मांडत बसणं त्यांच्या वाट्याला येईल. आणि हो, नारळाखाली गाडी लावायची नाही आणि लेकराला खेळायला सोडायचं नाही. नारळ तर पडतोच, झावळीही काही हलकी नसते.

तुमच्या आईंना ते घर बघून वेगळीच भीती वाटेल, ती हसण्यावारी नेऊ नका. किल्लारी तुमच्याच तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट ज्यांनी बघितली त्यांना दगडी भिंत दिसली की अजून झोप लागत नाही. माझ्या मावशीला कोकणात आणलं तर ती दोन रात्री ओट्यावर झोपली. त्यांना समजावून सांगा : आपल्याकडच्या त्या भिंती मातीत रचलेल्या गोट्यांच्या होत्या आणि वर मातीच्या माळवदाचं ओझं. तिकडचा चिरा म्हणजे तासून एकसारखा केलेला जांभा, आणि वर हलकी कौलं. बांधणीच निराळी. मात्र जांभा भोकाभोकांचा असतो आणि पाणी पितो. बाहेरून गिलावा नसेल तर ओल आत येणारच.

उताराला टेकून बांधलेली घरं मात्र मी कुणालाच दिली नाहीत. तिकडं डोंगर उभा कापून सपाटी करतात आणि घर बसवतात. मागच्या भिंतीपासून हातभर अंतरावर मातीची कापलेली दरड उभी. उन्हाळ्यात तिथं छान गार वाटतं. सलग चार दिवस पाऊस लागला की तीच ओली होऊन सुटते. रस्त्याच्या खाली असलेलं घरही टाळा. रस्त्याचं सगळं पाणी अंगणात येतं आणि रिक्षा दारापर्यंत जात नाही. आईंना पाऊणशे पायऱ्या चढवणार कशा?

आता पाणी. हे वाचून तुम्हाला हसू येईल. आपल्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे तिकडं सांगितलं की लोक हळहळायचे. आणि मे महिन्यात त्यांच्याच वाड्यांवर टँकर यायचा! जांभ्या खडकात पाणी थांबत नाही, झिरपून थेट खाडीला जातं. म्हणून तीन हजार मिलिमीटर पडूनही मेमध्ये बोंब. रत्नागिरी शहराला शीळ धरणाचं पाणी येतं. नाचणे, कुवारबाव, मिरजोळे या ग्रामपंचायती, तिथं पाण्याची सोय वेगळी. एकाच रस्त्यावर अलीकडच्या बिल्डिंगला एक पाणी, पलीकडच्याला दुसरं. तेव्हा "पाणी आहे का" असं विचारू नका, कुणीही हो म्हणेल. कोणाचं पाणी, किती वाजता, किती वेळ, मेमध्ये दिवसाआड होतं का, आणि टँकर मागवला तर पैसे भाडेकरूच्या माथी येतात का, हे विचारा. टँकरचा हिशोब करायला तरी आपण औसेकर कुणाला हार जात नाही.

मग नाचण्याचा तो फ्लॅट. दुसरा मजला लिहिलात, लिफ्टचं लिहिलं नाहीत. लिफ्ट असली तरी पावसाळ्यात तारांवर फांद्या पडून वीज जाते, कधी कधी अर्धा दिवस. आईंसाठी त्याच भागात पहिला मजला शोधा, थोडं भाडं जास्त गेलं तरी चालेल. तळमजला ओलीमुळं नको. सगळ्यात वरचा नको, गच्ची गळते. वरचाच मिळत असेल तर गच्चीवर पत्र्याची शेड घातलीय का बघा. तिथल्या सोसायट्या हौसेनं शेड घालत नाहीत. झोपायची खोली पूर्वेला नाहीतर उत्तरेला असावी, पश्चिमेला बाल्कनी किंवा जिना आला तर उत्तम, झड तो झेलेल. वारं आरपार जाईल अशा समोरासमोर खिडक्या हव्यात. समोरच्यांचे कपडे दिसतात म्हणून नाराज आहात ना? निदान तिथं कपडे वाळतात, हे तर कळलं.

कराराचं थोडक्यात. अकरा महिन्यांचा असला तरी लिव्ह अँड लायसन्स करार लेखी करून नोंदवावा लागतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. नोंदवायची जबाबदारी मालकाची. "अकरा महिन्यांला कशाला लागतंय, नोटरी करू" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. नोंदणी ऑनलाइन होते, आधार नि अंगठा लागतो. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्के धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का. समजा भाडं ९,००० आणि डिपॉझिट ३०,०००, तर अकरा महिन्यांची बेरीज १,०१,७५० होते आणि शुल्क अडीचशेच्या आसपास. नोंदणी फी नगरपरिषद हद्दीत १,००० रुपये, ग्रामपंचायत हद्दीत ५००. एवढ्यासाठी कुणी हजारो मागितले तर तो एजंटचा चहा समजा.

करारात दोन ओळी माझ्या आग्रहानं घाला. एक, ओलीमुळं खराब झालेल्या रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापायचे नाहीत. दोन, एक महिन्याची सूचना देऊन भाडेकरूला मुदतीआधी घर सोडता येईल. बहुतेक छापील नमुन्यांत अमुक महिने घर सोडायचं नाही अशी अट दडलेली असते, ती वाचूनच सही करा. चावी घेताना प्रत्येक भिंतीचा, खिडकीचा फोटो काढून त्याच दिवशी मालकाला मोबाइलवर पाठवून ठेवा. अगदी किनाऱ्यालगतचं घर असेल तर घरपट्टीची पावती नि वीजबिल मालकाच्याच नावानं आहे ना, हे जास्त काळजीनं तपासा. भरतीरेषेजवळच्या बांधकामांवर सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राचे, निर्बंध असतात आणि वाढवलेल्या खोलीवर कारवाई झाली तर आधी भाडेकरूचं सामान रस्त्यावर येतं.

समुद्राचं म्हणाल तर तो कुठं पळून जात नाही. नाचण्याहून भाट्याच्या किनाऱ्याला गाडीनं फार वेळ लागत नाही. थिबा पॉइंटवर गेलात तर भाट्याची खाडी आणि समुद्र एकाच नजरेत मावतात. ब्रह्मदेशाच्या त्या थिबा राजाला इंग्रजांनी इथं कैदेत ठेवलं, पण १९१० च्या सुमारास वाडा बांधून दिला तो उंचावर. लेकराला दर रविवारी न्या. जून ते सप्टेंबर पाण्यात मात्र पाय घालायचा नाही. आपल्याकडची पोरं विहिरीत, तळ्यात पोहून तयार झालेली असतात आणि त्यांना वाटतं आपल्याला येतं. ओढ घेणारा समुद्र हे वेगळंच प्रकरण आहे. त्याबाबतीत कोळी सांगतील तेच खरं.

गावाकडं यायचं तर रस्ता ओळखीचाच निघेल. आपल्या लातूरवरून जाणारा रत्नागिरी-नागपूर महामार्ग तिकडं मिऱ्याला जाऊन संपतो. अंतर पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास, मधे आंबा घाट. पहिल्या पावसाळ्यात रात्रीचा घाट टाळा.

सामानाचं आताच सांगते, टेम्पो ठरवण्याआधी. कूलर औशालाच राहू द्या. तो कोरड्या हवेचा सोबती आहे, तिकडच्या दमट हवेत नुसता ओलावा वाढवतो. लाकडी भुशाच्या पाट्यांचं कपाट फुगतं, लोखंडी गंजतं, त्यातल्या त्यात प्लॅस्टिकचं बरं. इन्व्हर्टर असेल तर न्या. पापड-कुरडया घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. ज्वारी एका वेळी दहा किलोच्या वर नेऊ नका, आई कितीही म्हणाल्या तरी. त्या पोतं बांधून देतीलच, माझ्याही आईनं दोन दिली होती.